तांबडीची धार

आत्याबाई,

परवा अंबाजोगाईच्या दवाखान्यात एका पोरीनं माझे दोन्ही हात कोमट पाण्याच्या टबात ठेवले आणि म्हणाली, "आजी, आता मूठ हळूहळू मिटा आणि हळूहळू सोडा. घाई नाही." मी मिटली, सोडली. मग तिनं पाण्यातच एक मऊ चेंडू हातात दिला, दुसऱ्या हातात दुसरा. "आता दाबा. उजवा, डावा. उजवा, डावा." आणि माझे हात एकदम ओळखीच्या वाटेला लागले. पोरगी बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला तर येतंय की, आजी." मला टब दिसत नव्हता, तुम्ही दिसत होता. गोठ्यातल्या त्या बसक्या दगडावर बसलेल्या, दोन गुडघ्यांत चरवी धरलेली, तांबडीच्या पोटाला कपाळ टेकलेलं, डोळे मिटलेले. उजवा, डावा. उजवा, डावा. तुमची सून म्हणून मी बावीस वर्षं त्या गोठ्याच्या दारातून ये-जा केली आणि मला वाटत राहिलं, सासू दूध काढतेय.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी आता तेव्हाच्या तुमच्या वयाला आलेय. अंगणवाडीतून निवृत्त झाले, तिथलं एक कोरं रजिस्टर घरी राहिलं होतं, त्यात हे लिहितेय. पेनाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलीय. मूठ जाड झाली की बोटांना कमी आवळावं लागतं, असं त्या पोरीनं सांगितलं. घरी आल्यावर चिंधी गुंडाळता गुंडाळता आठवलं की तुमच्या विळ्याची मूठ अशीच असायची, पळीचा दांडाही असाच, आणि खुरप्याचा तर चिंध्या बांधून बांधून कणसाएवढा झाला होता. आम्ही हसायचो. नणंद म्हणायची, आईच्या खुरप्याला थंडी वाजते. पोरीला हे तिच्या कॉलेजात कुणीतरी शिकवलं असणार. तुम्हाला कुणी शिकवलं होतं, आत्याबाई? काल दिवसभर मी हाच विचार करत होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा नेकनूरला एसटीतून उतरून पुढं बैलगाडीनं यावं लागायचं. सासूला आत्याबाई म्हणायचं, असं नणंदेनं पहिल्याच दिवशी बजावलं. गोठ्यात एक म्हैस आणि एक तांबडी गाय. माहेरी मी धारा काढायची, हात चांगला होता, आणि नव्या नवरीला काहीतरी करून दाखवायची हौस असतेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चरवी घेऊन गायीकडं निघाले, तर तुम्ही मागून म्हणालात, "तांबडीला हात लावू नगं. तू म्हशीकडं बस."

"कावून, आत्याबाई? मला येती की धार काढाया."

"येत असंल. येती का न्हाई, इचारलं का मी?"

झालं. म्हशीची सडं अशी घट्ट की चरवी भरेपर्यंत माझे खांदे भरून यायचे. तांबडीचं तसं नव्हतं. सडं मऊ, पान्हा मोकळा, नुसता हात लावायचा अवकाश. सोपं जनावर स्वतःकडं ठेवलं आणि अवघड सुनेच्या गळ्यात बांधलं, एवढंच मला कळलं. दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात म्हणे. माझ्या वाट्याला त्या गायीची लाथसुद्धा आली नाही. माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्यावर इश्वास न्हाई तिचा. तू पाणी घालशील, न्हाईतर परस्पर पिशील, आसं वाटत असंल." ते माझ्या मनात जे रुतलं ते रुतलंच. ती तांबडी गेली, तिची कालवड गाय झाली, तीही तांबडी. तिच्यामागं तिची. तीन तांबड्या झाल्या, म्हशी आल्या-गेल्या, माझी दोन बाळंतपणं झाली, आणि गायीची कास तुम्ही माझ्या हाती दिली नाही. तुम्हाला ताप असला तरी नाही. एकदा सणकून ताप होता, उभं राहवत नव्हतं, तरी भिंतीला धरून गेलात. मी मनात म्हटलं, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

आता मी काय बघितलं होतं ते सांगते. म्हणजे बघितलं सगळं होतं. सकाळी तुम्ही उठायच्या तेव्हा तुमची बोटं उघडत नसत. गोधडी मनगटानं बाजूला सारायच्या. दाराची कडी हाताच्या पाठीनं उचलायच्या. चहाचा पेला दोन तळव्यांत धरायच्या, एका हातानं कधी नाही, आणि माझा थोरला तेव्हा रांगत होता तो तसाच प्यायचा म्हणून मी त्याला सांगायचे, बघ, आजी तुझी नक्कल करते. मग तुम्ही गोठ्यात जायच्या. अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर यायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या. भाकरी मोडायच्या. माझ्या पोरीच्या झग्याची बारीक बटनं लावायच्या. मला वाटायचं, सकाळी हिला आळस असतो आणि सून कामाला जुंपली की अंगात वारं शिरतं. आधीची बाई मी बघत होते, नंतरची बाई मी बघत होते, आणि मधे गोठ्यात काय झालं हा प्रश्न बावीस वर्षांत मला एकदाही पडला नाही.

गावात दूध संस्था होती, सहकारी. मारुतीच्या देवळाशेजारी केंद्र. बाया चरव्या-किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, सचिव दुधात मीटर बुडवायचा आणि तुमचं दूध आलं की न बघता पुढं ओतायला सांगायचा. तुम्ही किटली बोटांत धरत नव्हता, कोपरात अडकवायच्या. "म्हातारी पर्स घिऊन आली," असं बाया म्हणायच्या आणि तुम्हीही हसायच्या. स्वयंपाकाला बसताना तुम्हाला बुडाखाली दगड लागायचा, उकिडवं कधी बसला नाहीत. त्यावरूनही बोलायच्या. केंद्रावर पोचेपर्यंत तुमचे हात मोकळे झालेले असत, म्हणून गावाला तुमचं दुखणं कधी दिसलंच नाही. ते दिसायची जागा एकच होती, आपलं घर. आणि घरात बघणारी मी.

एकदाच तुम्ही हातांबद्दल बोललात. आपण तुरीत खुरपत होतो. मी विचारलं होतं, बोटांची पेरं अशी गाठीगाठीची कशानं झाली. तुम्ही म्हणालात, "बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर खडी फोडली. दिसभर हातोडा. सांजच्याला मूठ सुटायचीच न्हाई. दांडा काढून घेतला तरी हात तसाच ऱ्हायचा. मंग आमी बाया एकमेकींची बोटं सोडवायचो. एकेक. अन् हसायचो."

"हसायचे का रडायचे?"

"हसायचो गं. रडाया पाणी कुठं व्हतं?"

आणि पुढची ओळ धरलीत. त्या खडीनंच बोटं अशी झाली का, हे मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, काहींच्या रक्तातच असतं, काहींचं कष्टानं लवकर येतं, बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुमचे हात बघायला आता कोण आहे. पण मला ते असं दिसतं. कधीतरी एका सकाळी तुमची बोटं उघडत नसणार. घरात दुसरं कुणी धार काढणारं नसणार, वासरू ओरडत असणार. तुम्ही नाइलाजानं बसल्या असणार, मिटलेल्या मुठीच सडांना लावल्या असणार. सड कोमट, कास कोमट, गायीचं पोट कोमट. हळूहळू दाबायचं, सोडायचं, जोर नाही. आणि बोटं उघडली असणार. दुसरी बाई असती तर म्हणाली असती, आज बरं वाटलं, देवाची कृपा. तुम्ही ते ध्यानात ठेवलंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघितलंत. घट्ट जनावरानं हात दुखतो आणि मऊ जनावरानं सुटतो, हा फरक तुम्ही ओळखलात, आणि मग मऊ सडाची गाय आणि तिच्याच पोटच्या कालवडी तुम्ही धरून ठेवल्यात. जिला बाळंतपणापलीकडं दवाखाना माहीत नव्हता, सही येत नव्हती, त्या बाईनं. अंबाजोगाईला त्या टबासमोर बसून मला हे कळलं तेव्हा तुमच्या पाया पडावंसं वाटलं. सणावाराला पाया पडत होतेच. पण ते रीत म्हणून.

मग तो दुष्काळ आला. दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, विहिरीचा तळ पांढरा पडला, म्हैस नेकनूरच्या बाजारात गेली. राहिली तिसरी तांबडी. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली आणि गावंच्या गावं जनावरं घेऊन तिकडं गेली. जनावराजवळ घरचं कुणीतरी राहायला लागायचं. मी म्हटलं, हे राहतील. तुम्ही म्हणालात, "त्याला काय कळतंय गायीचं," आणि गोधडी कोपरात अडकवून निघालात. पासष्टीच्या पुढची बाई, उसाच्या पाचटाची झोपडी, तिला जुन्या साड्यांच्या भिंती. घर दोन कोसांवर. मी रोज दुपारी भाकरी घेऊन यायची आणि रोज म्हणायची, चला घरी. तुम्ही रोज म्हणायच्या, बघू.

एकदा मी पहाटेच निघाले आणि उजाडायला छावणीत पोचले. ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. नजर जाईल तिथवर दावणी. उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचा, आणि शेणाचा वास, टँकरच्या मागं चिखलात उभ्या बाया, आणि सगळ्या माळावर धारांचा आवाज. रिकाम्या भांड्यात पहिली धार पडते तो आवाज, शेकडो भांड्यांत. पाऊस नाही, पीक नाही, गावात पोरं पाण्याच्या रांगेत, आणि इथं एवढ्या बाया जनावरांच्या पोटाला डोकं लावून बसल्यात. मी उभीच राहिले. देवळात जावं तसं वाटलं. मग तुम्ही दिसलात. वाढ्यावर जगणाऱ्या गायीला दूध ते किती असणार, वाटीभर. ते केव्हाच निघालं होतं. तुम्ही मात्र कासेखाली हात धरून बसूनच होता, हळूहळू, जोर न लावता.

मी म्हटलं, "आत्याबाई, वाटीभर दुधासाठी एवढा येळ?"

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "दुधासाठी कोण बसलंय?"

मला वाटलं, मला घालवायला बसल्यात. मग तुम्ही उठलात, लुगडं झाडलंत आणि म्हणालात, "मला हितं बरं हाय गं. हाताला काम हाय." आणि मला ते लागलं. हाताला काम हाय, म्हणजे घरी मी काम करू देत नाही, की घरी मी जाच करते? रस्ताभर मी तेच चघळत आले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तुमचे हात जळत होते आणि मला माझा मान जळतोय असं वाटत होतं.

त्यात गाव. पाण्याच्या टाकीवर एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सून सावलीत अन् सासू जनावरात." तुमच्या लेकाला संस्थेच्या चेअरमननं विचारलं, म्हातारीला का ठेवलंय रे तिकडं? ह्यांनी घरी येऊन ताट बाजूला सारलं. आम्ही दोघांनी त्या दिवशी ठरवलं, पाऊस पडला, छावणी उठली, की आईला आता कामाला हात लावू द्यायचा नाही. किती चांगलं वाटलं होतं ते ठरवताना.

पाऊस पडला. तांबडी घरी आली. पहिल्या सकाळी मी तुमच्या आधी उठले, गोठ्यात गेले आणि तुमच्या दगडावर बसले. गायीनं एकदा पाय झाडला, मान वळवून बघितलं, मग उभी राहिली. सडं खरंच मऊ होती. मी दोन-चार धारा काढल्या असतील, तोवर तुम्ही आलात. दार हाताच्या पाठीनं ढकललंत. चरवी कोपरात. मी वळले नाही. हसत हसत म्हटलं, "तुमी बसा आता, आत्याबाई. लई केलं. चार दिवस सासूचे झाले, आता चार दिवस सुनेचे."

तुम्ही उभ्या होतात. किती वेळ, सांगता यायचं नाही. वासरू दाव्याला हिसके देत होतं. मला तुमचे पाय तेवढे दिसत होते. मग तुम्ही म्हणालात, "बरं."

मी आणखी धारा काढल्या. तुम्ही गेला नव्हतात. थोड्या वेळानं पुन्हा बोललात. "अंगठा आत दुमडू नगं. सगळ्या मुठीनं काढ. न्हाईतर म्हातारपणी अंगठा रडवील तुला."

तुमची चरवी दोन मनगटांत धरून तुम्ही खाली ठेवलीत आणि गेलात. आणि मी काय म्हटलं असेल मनात? आता तरी चुका काढणं सोडा. माहेरी आम्ही सगळ्या बहिणी अंगठा दुमडूनच धार काढायचो. त्या दिवसापासून मी मुद्दाम दुमडला. गाय होती तोवर, आणि नंतर दोन म्हशी झाल्या त्यांनाही. तुमच्या हातातून तुमची गाय मी काढून घेत होते आणि तुम्ही उभ्या राहून माझा अंगठा वाचवत होता. हे मी आज लिहितेय तेव्हा पेन खाली ठेवावं लागलं.

आईला आराम दिला म्हणून गावानं आमचं नाव काढलं. टाकीवरच्या त्याच बाईनं माझ्या हातात हळदीकुंकवाचं वाण देताना म्हटलं, सून असावी तर अशी. तुम्ही ओसरीवर बसू लागलात. पहिल्या हिवाळ्यात भाकरी मोडेना, मी कुस्करून द्यायला लागले. मग लुगड्याची गाठ. मग पेला. दुपारी दिसला नाहीत तर कुठं असायच्या ते मला माहीत होतं, तांबडीच्या गळ्याखालच्या मऊ कातड्यात दोन्ही हात खुपसून उभ्या. मी दंडाला धरून आणायची. "गोठ्यात गारठा हाय. चला, गोधडीत बसा." तेल कोमट करून चोळायची. खरं सांगते, तोवर माझा राग गेला होता. तुमचं करताना मला माया वाटायची. सगळं केलं मी तुमचं. गायीखाली बसवलं असतं तर झालं असतं, तेवढं सोडून सगळं. आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की सूनबाई, उठ, मला बसू दे. तापाचं निमित्त झालं आणि दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. शेवटची आंघोळ घालताना कोमट पाण्यात तुमचं एकेक बोट मी सोडवत होते. थोडी थोडी उलगडत होती. मला तेव्हाही काही कळलं नाही.

परवा डॉक्टरांनी माझ्या हाताचा फोटो उजेडाला धरला. आपल्याच हाताची हाडं बघायला आधी भीती वाटली, मग बघतच राहिले. एवढ्याशा पंज्यात किती ती हाडं, आणि प्रत्येक दोन हाडांच्या मधे ती बारीक फट. त्या फटीवर सगळा संसार उभा असतो, पीठ मळणं, लेकरू उचलणं, सही करणं. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी पेन टेकवलं. तिथं फट उरलीच नव्हती, हाडाला हाड लागलेलं. त्यांनी विचारलं, "धारा काढायच्या का, मावशी? अंगठा दुमडून?" म्हटलं, हा माणूस त्या दिवशी गोठ्यात होता की काय. ते म्हणाले, "नुसत्या त्यानंच असं होतं असं नाही. पण भर पडली असणार. झिजलेलं परत भरून येत नाही, सांभाळता मात्र येतं. दुखतं म्हणून हात बांधून ठेवायचा नाही. बरं वाटलं म्हणून पोतंभर तूर निवडत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं, तर समजायचं की आदल्या दिवशी जास्त झालं." तुम्ही एका गायीच्या पुढं कधी गेला नाहीत, आत्याबाई. म्हशीला हात लावला नाहीत. पाणी जड झालं की घागर अर्धी भरायच्या. डॉक्टर बोलत होते आणि मला वाटत होतं, हे सगळं मी बघितलंय.

त्या व्यायामाच्या पोरीला मी शेवटी विचारलंच. म्हटलं, एक बाई होती, माझ्या ओळखीची. रोज एका गायीची धार काढायची, त्यानं तिची बोटं मोकळी व्हायची. तिचं ते काम घरच्यांनी बंद केलं. दोन वर्षांत हात मिटले. ते त्यानंच झालं का? पोरगी चांगली आहे, खोटं बोलली नाही. टॉवेलनं माझे हात पुसत म्हणाली, "सगळं त्यानंच झालं असं नाही म्हणता येणार, आजी. कधीकधी हा आजार सुजेचाही असतो, त्याला औषध लागतं, ते त्यांना मिळालं नसेल. तो आपल्या वाटेनं गेलाच असता. पण जेवढं चालत होतं तेवढं आणखी काही दिवस चाललं असतं." आणखी काही दिवस. एसटीत बसून मी तेवढेच तीन शब्द घरापर्यंत आणले.

आता घरात गाय नाही, म्हैस नाही. दूध पिशवीतून येतं. माझ्या सुनेचा हात भरभर चालतो, शिकलेली आहे, मनानं मऊ आहे. माझा अंगठा सुजलेला दिसला की माझ्या हातातलं काम काढून घेते. आधी भाजी चिरणं गेलं, मग कपड्यांच्या घड्या, मग भाकरी. "आई, तुम्ही बसा हो, मी करते." किती गोड म्हणते. तिच्या त्या म्हणण्यापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण ती जे देतेय ते प्रेमानं देतेय, आणि ते नको म्हणणं म्हणजे प्रेमच नको म्हणणं. तुम्ही का बोलला नाहीत ते मला ह्या सहा महिन्यांत समजलं. त्यातून तुमच्या समोर तर मी होते. मी ऐकून घेणारी नव्हते. काही सांगितलं असतंत, तर त्यातून मी टोमणाच काढला असता, छावणीत काढला तसा.

काल संध्याकाळी तिनं परात काढली, ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी कोमट करायला ठेवलं. मी खुर्चीत. बसून बसून माझी बोटं आखडली होती. मला त्या गोठ्याच्या दारातले तुमचे पाय दिसले. मी उठले आणि म्हटलं, "परात इकडं दे. दोन भाकरींचं पीठ मला मळू दे. कोमट पाण्यात माझी बोटं मोकळी होतात. थापायचं तुझं तू बघ." ती थबकली. मला वाटलं, आता हिला लागणार. तिनं परात माझ्यापुढं सरकवली, स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाली, "अहो, मग आधी नाही का सांगायचं." एवढंच. मी तळव्यानं मळलं, अंगठा बाजूला ठेवून. पहिल्यांदा दुखलं, मग सुटत गेलं. पीठ मऊ झालं तशी बोटं मऊ झाली. मी डोळे मिटले होते, असं ती नंतर म्हणाली.

तिनं विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, अंबाजोगाईच्या पोरीनं. तुमचं नाव जिभेवर आलं होतं, आत्याबाई. पण तुमचं नाव घेतलं असतं तर गाय सांगावी लागली असती, आणि गाय सांगितली असती तर ती सकाळ.

हे रजिस्टर मी परत ट्रंकेत ठेवणार आहे, पत्र घालायला ठिकाणा नाही म्हणून तर आहेच, आणि सुनेच्या हाती लागू नये म्हणूनही. फक्त एक राहिलं. त्या सकाळी तुम्हाला आराम मिळावा म्हणून मी लवकर उठले, असं मी गावाला सांगितलं, तुमच्या लेकाला सांगितलं, तुम्हालाही सांगितलं. तसं नव्हतं. मला एकदा तांबडीखाली बसायचं होतं, आणि तुम्ही दारात उभ्या राहून ते बघावं असं मला वाटत होतं.